गिलाव्यांतील धागा

सारवणाच्या मातींत शेण कां कालवतात, असें शहरांत वाढलेल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारलें, तर तो बहुधा शुचितेचें किंवा रूढीचें कारण पुढें करील. खेड्यांतील म्हातारीचें उत्तर निराळें येईल. शेण नसेल तर भुई उलते, एवढेंच ती सांगेल. उलणें म्हणजे वाळतांना तडे जाणें. मला वाटतें, दोहोंपैकीं म्हातारीचेंच उत्तर शास्त्राला अधिक जवळचें आहे. गाईनें चघळून, रवंथ करून आणि पचवून टाकलेलें गवत म्हणजे मुख्यतः न पचलेल्या बारीक काड्यांचा चोथा. हा चोथा मातींत सर्वत्र सारखा पसरतो, आणि माती वाळून आकसूं लागली म्हणजे तिला आंतून धरून ठेवतो. चिखल आणि गवत, चुना आणि ताग, अशा दोन भिन्न स्वभावांच्या वस्तु एकत्र आणून, एकटीला जें साधत नाहीं तें दोघींकडून साधून घ्यावयाचें, हा माणसाच्या अगदीं जुन्या शोधांपैकीं एक होय. आजचे कारखानदार अशा द्रव्यांना ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. आपण त्यांना संमिश्र द्रव्यें म्हणूं. त्यांतील वनस्पतीच्या धाग्याची हकीकत आज मला सांगावयाची आहे. आणि ती सांगतांना बराच वेळ मी आपल्या वेरुळ-अजिंठ्याच्या डोंगरांत रेंगाळणार आहें, याबद्दल श्रोत्यांची तक्रार नसावी.

प्रथम या जोडीचें मर्म पाहूं. वाळलेल्या मातीवर वजन ठेवलें तर ती तें पुष्कळ सोसते. पण तीच माती दोन्ही बाजूंनीं ओढली कीं तात्काळ तुटते. चुना, सिमेंट, कांच, राळ या सर्वांचा स्वभाव थोडाबहुत असाच. दोरीचें याच्या नेमकें उलट. दोरी ढकलतां येत नाहीं, पण ओढली तर ती हार जात नाहीं. ठिसूळ वस्तूंत एकदां बारीकशी भेग पडली म्हणजे सगळा ताण त्या भेगेच्या टोंकाशीं एकवटतो आणि भेग पुढें पुढें धांवत सुटते. वाटेंत आडवा धागा आला तर मात्र भेगेच्या दोन्ही कांठांना तो टांक्यासारखा शिवून धरतो, आणि धांव थांबते. अट इतकीच कीं धागा सभोंवारच्या मातीस घट्ट बिलगलेला पाहिजे. तो फार आंखूड असला तर भेगेबरोबर उपटून येतो. फार लांब असला तर कालवतांनाच त्याचा गुंतवळा होतो, आणि गुंतवळ्याच्या पोटांत माती शिरत नाहीं. भूस किती घालावें, तें किती दिवस चिखलांत कुजूं द्यावें, हें गवंड्याच्या हाताला ठाऊक असे. त्यानें तें कोठें लिहून ठेवलें नाहीं, म्हणून या विषयाचा इतिहास ग्रंथांपेक्षां भिंतींत शोधावा लागतो.

लिखित पुरावा अगदींच नाहीं असें नव्हे. बायबलच्या जुन्या करारांत, निर्गमाच्या पुस्तकांत, मिसर देशाचा राजा इस्राएली वेठकऱ्यांना शिक्षा म्हणून विटांसाठीं लागणारें गवत देणें बंद करतो, आणि विटांची संख्या मात्र पूर्वींइतकीच मागतो. गवत हा वैभवाचा भाग नसून गरजेचा भाग होता, हें यावरून चांगलें कळतें. त्याच मिसरांत तागासारख्या फ्लॅक्सच्या कापडाचे थर खळीनें व चुनखडीच्या लेपानें एकावर एक बसवून मृतांचे मुखवटे घडवीत असत. आपल्याकडे कोंकणांतल्या व घाटमाथ्यावरच्या कारवीच्या कुडाच्या भिंती, देशावरचीं पांढऱ्या मातीचीं घरें, चुन्याच्या घाणींत चुन्याबरोबर मळला जाणारा ताग, हीं सारीं याच कुळांतलीं.

आतां वेरुळकडे वळूं. तेथील ३४ लेण्यांपैकीं पहिलीं १२ बौद्ध, मधलीं १७ हिंदु आणि शेवटचीं ५ जैन आहेत. त्यांपैकीं बौद्ध लेणीं इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून पुढें खोदलीं गेलीं. प्रवाशाचें लक्ष साहजिकच कैलासाच्या अचाट शिल्पाकडे जातें. या दगडावर एके काळीं मातीचा गिलावा होता, आणि त्या गिलाव्यावर रंग होता, हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. बराचसा गिलावा गेला, कांहीं उरला. उरलेल्या गिलाव्याचे नमुने तपासण्याचें काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणांतील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांतले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनीं हातीं घेतलें. त्यांचा निबंध २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मातींतून वेगळे केलेले तंतु त्यांनीं इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, अवरक्त किरणांनीं त्यांची रासायनिक ओळख पटविली, आणि जालन्याच्या परिसरांतून व दिल्लीच्या आसपासहून ताजीं झाडें आणून त्यांच्या तंतूंशीं जुने तंतु ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला कीं, वेरुळच्या त्या कारागिरांनीं मातींत मिसळलेली वनस्पति भांग होती. मिश्रणांतील तिचें प्रमाण सुमारें १० टक्के असावें, असें या संशोधकांनीं नमूद केलें. बाराव्या शतकांत यादवांनीं उभारलेल्या देवगिरीच्या किल्ल्यांतही तीच वनस्पति त्यांना आढळली.

भांगेचें नांव ऐकतांच कांहीं श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलें असेल. तें आवरावें. नशा पानांत आणि फुलोऱ्यांत. गवंड्याला हवी असते ती खोडाची साल व तिच्या आंतील काष्ठमय गाभा. पण या नांवामागें एक खरीखुरी अडचण दडलेली आहे, आणि ती समजल्यावांचून वरील संशोधनाचें मोल कळत नाहीं. इंग्रज व्यापाऱ्यांनीं दोर वळतां येईल अशा जवळजवळ प्रत्येक झाडाला ‘हेम्प’ म्हणून टाकलें. आपली अंबाडी त्यांच्या कागदपत्रांत ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’ झाली. ताग ‘सन हेम्प’ झाला. अमेरिकेहून आलेलें घायपात ‘सिसल हेम्प’ ठरलें. आणि फिलिपाइन्समधलें एक केळीच्या कुळांतलें झाड ‘मनिला हेम्प’ या नांवानें जगभर गेलें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें यांचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं. अंबाडी ही भेंडीची बहीण, ताग शेंगा धरणाऱ्या कुळांतला, आणि खरी भांग या सर्वांहून वेगळी. आपण तरी काय अधिक नेटके आहोंत? शेतांत हिरवळीचें खत म्हणून गाडतात तो ताग आणि बंगालच्या गिरण्यांत ज्याचीं पोतीं होतात तो ज्यूट, या दोन निराळ्या झाडांना आपण बिनदिक्कत एकच नांव देतों. तेव्हां जुन्या गिलाव्यांत कोणता तंतु आहे, हें नांवांवरून ठरणारें नसून सूक्ष्मदर्शकाखालींच ठरावें लागतें.

आणि तें ठरणें महत्त्वाचें आहे, कारण त्याच्याशीं अजिंठ्याच्या चित्रांचें दैव बांधलेलें आहे. अजिंठ्याचीं बहुतेक प्रसिद्ध चित्रें पांचव्या शतकांतलीं. ओल्या चुन्यावर रंग भरण्याची जी युरोपीय रीत, ती येथें नाहीं. आधीं खडबडीत कातळावर तांबूस मातीचा जाड थर. त्यांत दगडाची भुकटी, वाळू, भाताचें तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतु. त्यावर चुन्याचा अगदीं पातळ लेप, आणि त्या कोरड्या लेपावर डिंकासारख्या बंधकांत कालवलेले रंग. म्हणजे पद्मपाणीच्या मुखावरील ज्या छटा पाहण्यास जगभरचे लोक येतात, त्या कागदासारख्या एका पातळ कवचावर आहेत; तें कवच चिखलावर आहे; आणि चिखल गवताच्या काड्यांच्या आधारानें कातळाला लटकलेला आहे. या काड्या किड्यांनीं खाल्ल्या कीं मातींत पोकळ नळ्या तेवढ्या राहतात. वरून कांहीं दिसत नाहीं. पुढें एका पावसाळ्यांत ओल येते, माती फुगते, पुन्हां आकसते, आणि चित्राचा तुकडा खालीं येतो. अजिंठ्याच्या चित्रांचा निदान चौथा हिस्सा कीटकांच्या उपद्रवानें बिघडला आहे, असा सिंग आणि सरदेसाई यांचा अंदाज आहे. उलट वेरुळच्या भांगमिश्रित गिलाव्यांत किड्यांचा वावर त्यांना दिसला नाहीं.

यावरून भांगेनें वेरुळ राखलें आणि भांग नसल्यानें अजिंठा नासला, असें समीकरण पुष्कळ वर्तमानपत्रांनीं तत्काळ मांडलें. मला तें थोडें घाईचें वाटतें. भांगेचा वास व तिच्यांतील द्रव्यें किड्यांना मानवत नाहींत, हें मानावयास हरकत नाहीं; तिचा तंतु चिवट व टिकाऊ आहे, हेंही खरें. परंतु अजिंठा वाघूर नदीच्या वांकणावर, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या दरींत आहे. वेरुळचीं लेणीं डोंगराच्या उतारावर, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. एकीकडे तुसासारखें किड्यांस रुचणारें खाद्य गिलाव्यांत आहे, दुसरीकडे तें तसें नाहीं. वटवाघळें, झिरपणारें पाणी आणि माणसांचा उपद्रव यांचा हिशेबही दोहोंकडे सारखा नव्हे. त्याच निबंधांत आणखी एक तुलना आहे. युरोपांत भांगेचा गाभा व चुना मिसळून केलेल्या भिंतींचें आयुष्य सहाशें ते आठशें वर्षें धरण्यांत आलें होतें. वेरुळनें तें दीड हजारावर नेलें, असें लेखक म्हणतात. हें ऐकावयास गोड आहे. पण डोंगराच्या पोटांतला गिलावा आणि उघड्या पावसांत उभी असलेली भिंत यांना एकाच मापानें मोजणें कठीण. संशोधनाचें खरें मोल मला दुसरीकडे दिसतें. यापुढें अजिंठ्यांत गिलाव्याची दुरुस्ती करणाराला मातींत काय घालावें याचा एक नेमका, तपासलेला पर्याय हातीं आला आहे. आणि तो पर्याय परदेशांतून आलेला नसून शंभरएक किलोमीटरवरच्या शेजारच्या डोंगरांतून आला आहे.

वेरुळच्या डोंगरांत टांकीचे घाव पडत होते त्याच काळीं, जपानांत नारा येथें, हाच धागा एका अगदीं निराळ्या कामास लागला होता. इ. स. ७३४ मध्यें सम्राज्ञी कोम्यो हिनें आपल्या मातेच्या स्मरणार्थ कोफुकुजी मंदिरांत मूर्ति घडवून घेतल्या. त्यांत असुराची एक मूर्ति आहे. तीन मुखें, सहा हात, आणि चेहऱ्यावर युद्धदेवतेला न शोभणारी बालसुलभ व्यथा. ही मूर्ति दगडाची नाहीं, लाकडाची नाहीं, धातूची नाहीं. कारागिरानें प्रथम मातीचा ओबडधोबड पुतळा केला. त्यावर भांगेच्या सुताचें कापड उरुशी नांवाच्या झाडाच्या चिकांत भिजवून थरावर थर चढविलें. चीक सुकून कठीण झाल्यावर पाठ कापून आंतली माती काढून टाकली, आधाराला लांकडी सांगाडा बसविला, कवच पुन्हां शिवून बंद केलें, आणि भुकटी कालवलेल्या चिकाच्या लगद्यानें नाक-डोळे उठविले. सुमारें १५३ सेंटिमीटर उंचीच्या या मूर्तीचें वजन सुमारें १५ किलो भरतें. कोफुकुजीला अनेकदां आगी लागल्या. ११८० सालीं तर तैरा घराण्याच्या सैन्यानें तें मंदिर जाळूनच टाकलें. अशा प्रसंगीं ही हलकी मूर्ति माणसांना उचलून बाहेर नेतां आली, म्हणून ती वांचली, असें मानतात. आजच्या कारखान्यांत होडीचें किंवा मोटारीचें कवच सांच्यावर कापड व राळ चढवून करतात, त्यांत आणि या बाराशें-तेराशें वर्षांपूर्वींच्या कृतींत तत्त्वतः कांहीं फरक नाहीं.

हा तंतु इतका समर्थ कां, याचें उत्तर त्याच्या घडणींत आहे. वनस्पतीचा धागा स्वतःच एक संमिश्र द्रव्य आहे. सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तारा लिग्निन व इतर द्रव्यांच्या गिलाव्यांत बसविलेल्या असतात, आणि त्या पेशीच्या भिंतींत मळसूत्रासारख्या वळत जातात. फ्लॅक्स, भांग, ताग यांत हें वळण जवळजवळ सरळ उभें असतें, म्हणून हे धागे ताठ असतात. नारळाच्या काथ्यांत तें पुष्कळ तिरकें असतें, म्हणून काथ्या ओढला असतां स्प्रिंगसारखा लांबतो आणि सहसा तुटत नाहीं. शिवाय हे तंतु आंतून पोकळ. कांचेचा धागा वनस्पतीच्या धाग्याहून दीडपटीहून अधिक जड असल्यामुळें, वजनास वजन धरलें तर ताठपणाच्या बाबतींत चांगला फ्लॅक्स कांचेच्या जवळपास येतो. दोष एकच, पण मोठा. या धाग्याला पाण्याची तहान फार. पाणी पिऊन तो फुगतो, वाळतां वाळतां आकसतो, आणि आकसतांना सभोंवारच्या राळेपासून सुटतो.

यंत्रयुगांत या धाग्याचा प्रवेश रसायनशास्त्राच्या हात धरून झाला. मूळचा बेल्जियन व पुढें अमेरिकन झालेला लिओ बेकलंड यानें १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनविलेल्या कृत्रिम राळेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९०९ सालीं शोध जाहीर केला. बेकेलाइट म्हणून ती राळ जगभर गाजली. घरोघरच्या विजेच्या काळ्या बटनांमुळें आपल्यालाही ती परिचयाची होती. पण नुसती राळ ठिसूळ. तें बटन टिकत असे तें त्यांत मिसळलेल्या लांकडाच्या पिठामुळें. बेकेलाइटला आधार लांकडाचा होता, ही गोष्ट कंपनीच्या जाहिरातींत अर्थातच ठळकपणें येत नसे. पिठाच्या जागीं सुती कापड किंवा कागद राळेंत भिजवून, तापवून, प्रचंड दाबाखालीं दाबला कीं त्याच्या आवाज न करणाऱ्या दंतचक्रापासून टेबलाच्या पृष्ठापर्यंत अनेक वस्तु होऊं लागल्या. १९१३ सालीं निघालेली फॉर्मायका कंपनी याच धंद्यांतली. अभ्रकाच्या म्हणजे ‘मायका’च्या ऐवजीं वापरावयाचा पदार्थ, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

याहून मोठी झेंप घेतली ती केंब्रिजच्या नॉर्मन डी ब्रुइन यानें. हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक स्वतः विमानें बांधी आणि उडवी. डक्सफर्ड येथील आपल्या कारखान्यांत त्यानें असा विचार केला कीं, कापडांत धागे उभे-आडवे वांकलेले असतात, त्यांत त्यांचें निम्में बळ वायां जातें. मग धागे न विणतां सरळ एका दिशेनेंच कां मांडूं नयेत? फ्लॅक्सचे न विणलेले लांब पेळू फिनॉलच्या राळेंत भिजवून त्यानें दाबले. निघालेल्या द्रव्याचें नांव गॉर्डन-एरोलाइट. पुढें १९४० सालीं, ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू असतां आणि ॲल्युमिनियम तुटेल अशी धास्ती असतां, या द्रव्याचें स्पिटफायर विमानाचें अख्खें धड बनविण्यांत आलें. जवसाच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून लढाऊ विमानाचें शरीर! आपल्या विदर्भांत जवस पिकतो तो तेलासाठीं. त्याच्या उंच वाढणाऱ्या वाणाचा धागा म्हणजे फ्लॅक्स. प्रयोग म्हणून तें धड यशस्वी झालें, पण ॲल्युमिनियम तुटलें नाहीं, आणि फ्लॅक्सच्या स्पिटफायरला युद्धावर जाण्याची वेळ आली नाहीं.

अमेरिकेंत १९४१ च्या ऑगस्टमध्यें हेन्री फोर्डनें नळ्यांच्या सांगाड्यावर प्लास्टिकच्या १४ फळ्या बसविलेली एक मोटार लोकांपुढें ठेवली. शेतकऱ्याच्या मालाला कारखान्यांत गिऱ्हाईक मिळवून देण्याचा त्याला ध्यास होता. या मोटारीविषयीं आजकाल फार अद्भुत गोष्टी सांगितल्या जातात. ती भांगेचीच केलेली होती, असेंही छातीठोकपणें म्हणतात. वस्तुतः तिच्या फळ्यांत सोयाबीनचा व निरनिराळ्या वनस्पतितंतूंचा उपयोग केला होता, एवढेंच निश्चयानें म्हणतां येतें. नेमकी कृति जपून ठेवलेली नाहीं. अमेरिका युद्धांत पडली आणि तो उद्योग तेथेंच संपला.

या हकीकतींतून एक गोष्ट मला वारंवार दिसते. धातूची टंचाई झाली कीं कारखानदाराला वनस्पतीचा धागा आठवतो. टंचाई सरली कीं तो त्याला निरोप देतो. पण १९४० नंतर त्याला आणखी एक प्रतिस्पर्धी उभा राहिला, तो कांचेचा धागा. १९३८ सालीं अमेरिकेंत ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी केवळ याच मालासाठीं निघाली. कांच पाणी पीत नाहीं, कुजत नाहीं, आणि तिचा प्रत्येक धागा दुसऱ्यासारखा निघतो. शेतांतल्या पिकाचें तसें नसतें. त्यांतच पॉलिएस्टर राळ आली. फिनॉलची राळ घट्ट होतांना पाणी सोडते, म्हणून तिला जबर दाबाचीं अवजड यंत्रें लागतात. पॉलिएस्टरला तशी गरज नाहीं, साध्या सांच्यावर हातानेंही काम होतें. फ्लॅक्स हरला तो केवळ बळांत हरला नाहीं. त्याच्या जोडीदाराला महागडें यंत्र लागे, हें त्याच्या पराभवाचें निम्में कारण आहे.

अपवाद एकच मोठा. पूर्व जर्मनीला मोटारी करावयाच्या होत्या आणि पाश्चात्य राष्ट्रांच्या निर्बंधांमुळें पातळ पोलादी पत्रा मिळत नव्हता. रशियाहून सुताच्या गिरण्यांचा टाकाऊ कापूस मात्र मिळे, आणि फिनॉलची राळ घरची होती. या दोहोंचें मिश्रण दाबून मोटारीचीं दारें, छत आणि पंख तयार झाले. त्स्विकाउ येथें १९५७ सालीं सुरू झालेली ही ट्राबांट मोटार १९९१ पर्यंत निघत राहिली, आणि एकूण तीस लाखांवर निघाली. तिची चेष्टा जर्मनांनीं मनसोक्त केली; तिच्या धुराबद्दल ती रास्तही होती. पण कापसाच्या कचऱ्याचें तें अंग गंजलें नाहीं. पूर्व जर्मनी संपल्यावर ती रस्त्यांवर टाकून दिली गेली, तेव्हां तिचा हाच गुण आडवा आला. पोलाद वितळवून पुन्हां कामास आणतां येतें; घट्ट झालेली फिनॉलची राळ वितळत नाहीं, आणि ट्राबांटच्या कवचांचें करावें काय, असा प्रश्न भंगारवाल्यांपुढें पडला.

त्यानंतर कांहीं वर्षांतच जर्मन मोटारींत हा धागा पुन्हां शिरला, पण मागल्या दारानें. १९९० च्या दशकांत तेथील बड्या कंपन्यांनीं फ्लॅक्स, भांग व सिसल यांच्या चटया राळेंत दाबून दारांच्या आंतल्या फळ्या करावयास सुरुवात केली. फळी हलकी होते, आणि अपघातांत फुटली तर तिच्या कांचेसारख्या अणकुचीदार चिरफळ्या होत नाहींत. ती बसवितात मात्र दाराच्या आंतल्या अंगास, जेथें पावसाचा थेंब लागत नाहीं. धाग्याची तहान अद्याप भागलेली नाहीं.

सिमेंटशीं त्याचें नातें याहून अवघड होतें. सिमेंटमधल्या तीव्र क्षारांत वनस्पतीचा धागा कांहीं वर्षांत ठिसूळ होऊन जातो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रियाच्या लुडविग हाटशेकनें सिमेंटाचे पातळ पत्रे काढले, तेव्हां त्यानें दगडाचाच धागा, म्हणजे ॲस्बेस्टॉस, घातला. मुंबईच्या चाळींवर, गिरण्यांवर आणि शाळांवर ते पत्रे आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्याची धूळ श्वासावाटे आंत जाऊन फुप्फुसांना कर्करोग होतो हें निर्विवाद ठरल्यावर ऑस्ट्रेलियांतल्या पत्रेवाल्यांपुढें दोनच मार्ग उरले, धंदा बंद करणें किंवा दुसरा धागा शोधणें. त्यांनीं लांकडाचा लगदा घेतला, क्षारांना बळी पडणारें लिग्निन रासायनिक क्रियेनें त्यांतून काढून टाकलें, आणि ओले पत्रे दाबाच्या वाफेंत शिजवून सिमेंटची तीव्रता मोडली. १९८० च्या दशकांत तेथें ॲस्बेस्टॉसची जागा या पत्र्यांनीं घेतली. असा पत्रा मोडून त्याची कड भिंगाखालीं धरली, तर भेगेच्या दोन्ही बाजूंस सेल्युलोजचे केंस उभे राहिलेले दिसतात. कांहीं तुटलेले, कांहीं मुळासकट उपटून आलेले.